जवसाचें काड आणि लिननचा सदरा

मार्गशीर्ष-पौषांत विदर्भांतील काळ्या रानांतून प्रवास करणाऱ्यास जवसाच्या फुलांचे निळे पट्टे अद्यापहि कोठें कोठें दिसतात. पूर्वीं ते गांवोगांव दिसत. आतां इतर पिकांनीं त्यांची जागा बरीच व्यापली आहे. फाल्गुनाच्या सुमारास पीक निघतें, बोंडें बडवून दाणा घरांत येतो, त्याचें तेल निघतें, चटणी होते, पेंड गुरांस जाते. मागें राहतें तें काड. तें चिवट असल्यामुळें गुरें त्यास तोंड लावीत नाहींत. कोणी तें चुलींत घालतो, कोणी बांधाशीं ढीग करून त्यास काडी लावतो व मोकळा होतो. पुढें दोन महिन्यांनीं, चैत्र-वैशाखाच्या उन्हांत, मुंबई-पुण्याच्या कापडपेठेंत कोणी गृहस्थ सुती सदऱ्याहून कितीतरी अधिक दाम मोजून लिननचा सदरा खरेदी करतो, आणि विलायती वस्तु अंगावर आली म्हणून संतोष पावतो.

हे दोन गृहस्थ एकमेकांस ओळखत नाहींत. काड जाळणाऱ्यास ठाऊक नाहीं कीं ज्यास आपण आग लावली त्याच जातीच्या झाडाच्या सालींतून जगांतील उंची वस्त्रांपैकीं एक निघतें; आणि सदरा घेणाऱ्यास ठाऊक नाहीं कीं लिनन हा शब्दच जवसाच्या लॅटिन नांवावरून, लिनम या शब्दावरून, आलेला आहे. धाग्याच्या जवसाचे वाण निराळे व तेलाच्या जवसाचे निराळे, हें खरें. परंतु झाड एक, त्याचें शास्त्रीय नांव एक, आणि सालींतील तंतूहि एकाच प्रकृतीचा. तेव्हां एका देशांत ज्याचें वस्त्र होतें त्याची दुसऱ्या देशांत राख कां होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि व्यापारी वर्गानें तर तो अवश्य विचारला पाहिजे. या प्रश्नाचें उत्तर जमिनींत थोडें व इतिहासांत फार आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. जवसाचा धागा ही आम्हांस सर्वस्वीं परकी वस्तु आहे असें कोणी समजूं नये. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं चांडोली येथें डेक्कन कॉलेजाच्या संशोधकांनीं जें उत्खनन केलें, त्यांत ताम्रपाषाणयुगांतील वस्ती सांपडली. ती तीन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. तेथील एका दफनांत तांब्याचे मणी मिळाले. तांब्याच्या गंजानें त्या मण्यांतील दोऱ्याचा अंश टिकून राहिला होता, आणि तो दोरा जवसाच्या तंतूचा असल्याचें निदान झालें. म्हणजे ज्या काळीं या महाराष्ट्रांत लोखंड आलें नव्हतें त्या काळीं कोणा आईबापानें जवसाच्या दोऱ्यांत मणी ओवले होते. पुढें संस्कृत ग्रंथांत क्षौम हें वस्त्र येतें. क्षुमा म्हणजे जवस, तिच्यापासून झालेलें तें क्षौम. उत्तरकाळीं हा शब्द रेशमी वस्त्रासहि लावूं लागले, ही गोष्ट निराळी. मनुस्मृतींत ब्रह्मचाऱ्यांच्या वस्त्रांत क्षौमाची गणना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत काशी व पुंड्र या देशांच्या क्षौमाचा निर्देश असून, सूत्राध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यानें विधवा, अपंग व निराधार स्त्रियांकडून सूत कातवून घ्यावें, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांस काम घरपोंच करावें, आणि वेतन देण्यास विलंब करणाऱ्यास दंड व्हावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. वेतनाच्या विलंबास दंड! हा एवढा नियम वाचकांनीं स्मरणांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

इतर देशांतील प्राचीनता याहून पुष्कळच मोठी आहे. जॉर्जिया देशांतील एका गुहेंत रानटी जवसाचे वळलेले व रंगविलेले तंतू सांपडले, त्यांचें वय तीस हजार वर्षांपलीकडे जातें असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. मिसर देशांत तर प्रेतें गुंडाळण्याच्या पट्ट्यांपासून पुरोहितांच्या वस्त्रांपर्यंत सर्वत्र जवसाचेंच कापड होतें. तर्खान येथील दफनभूमींत मिळालेला एक शिवलेला झगा लंडनच्या एका संग्रहालयांत आहे. त्याची परीक्षा झाली तेव्हां तो पांच हजार वर्षांहून जुना ठरला. असो. प्राचीनतेच्या बाबतींत आम्हीहि गरीब नाहीं. गरीब झालों तें पुढच्या काळांत.

हा धागा निघतो कसा, हें समजल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. कापसाचा तंतू देवानें बोंडांतच पिंजून ठेविला आहे. जवसाचा तंतू काडाच्या सालीखालीं लपलेला असतो. मध्यें लांकडासारखा ठिसूळ गाभा, बाहेर पातळ साल, आणि दोहोंच्या मध्यें तंतूंचे जुडगे, हीं सर्व एका प्रकारच्या डिंकासारख्या द्रव्यानें चिकटलेलीं. धाग्यासाठीं पेरावयाचें तर बीं दाट पेरतात. त्यायोगें झाड फांद्या न फोडतां सरळ कमरेएवढें किंवा त्याहून उंच वाढतें. शंभर दिवसांच्या सुमारास काड खालून पिवळें पडूं लागलें, कीं तें कापीत नाहींत, तर मुळांसकट उपटतात. कारण कापल्यानें तंतूची लांबी व्यर्थ जाते. मग बोंडें ओरबाडून काढावयाचीं, आणि काड कुजविण्यास घालावयाचें.

सर्व विद्या या कुजविण्यांत आहे. एक रीत दंवाची: काड शेतांतच पातळ पसरून तीन ते सहा आठवडे दंव-पावसांत ठेवावयाचें व मधून उलटावयाचें, बुरशी तो डिंक खाते. दुसरी रीत पाण्याची: भारे डोहांत किंवा हौदांत आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवावयाचे; तेथें सूक्ष्म जंतू तेंच काम लवकर करतात. एक दिवस कमी झाला तर तंतू गाभ्यास चिकटून राहतो. दोन दिवस अधिक झाले तर तंतूच सडतो. तेव्हां मुरलेला कारागीर रोज एक काडी मोडून पाहतो, साल सुटते कशी तें बोटांनीं अजमावतो, आणि मग भारे काढण्याचा हुकूम देतो. त्यानंतर वाळविणें, गाभा मोडणें, झोडपून त्याचा भुसा झटकणें, आणि शेवटीं लोखंडी दांतांच्या फण्यांतून विंचरणें. शंभर शेर वाळलेल्या काडांतून लांब वाख पंधरा-वीस शेरांपलीकडे निघत नाहीं. आंखूड वाख निराळा निघतो, त्याचें जाडें कापड, सुतळी किंवा कागद होतो. आमच्याकडे अंबाडीचा किंवा तागाचा वाख ज्यानें काढलेला पाहिला असेल, त्यास यांत अपरिचित असें फारसें कांहीं दिसणार नाहीं.

आतां हाच धंदा युरोपांत कसा वाढला तें पहा. आयर्लंडचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे, कारण तो देशहि परतंत्र होता. १६९९ सालीं इंग्रजी पार्लमेंटानें आयरिश लोंकरीच्या कापडाची निर्यात कायद्यानें आंवळली आणि त्याबदल्यांत लिननचा धंदा त्या देशास मोकळा ठेविला. त्याच सुमारास फ्रान्समधून धर्मछळास कंटाळून निघालेले ह्यूगनो विणकर लुई क्रोमेलिन याच्या नेतृत्वाखालीं लिस्बर्न येथें येऊन राहिले व त्यांनीं आपली कला तेथें रुजविली. १७११ सालीं डब्लिन येथें लिननच्या धंद्यावर देखरेख करणारें सरकारी मंडळ स्थापन झालें, तें १८२८ पर्यंत चाललें. या मंडळानें काय केलें? नुसतीं भाषणें केलीं नाहींत. चांगलें बीं वांटलें, चरके व माग दिले, कापडाची लांबी-रुंदी व प्रत तपासून शिक्का मारणारे निरीक्षक नेमिले, आणि खरेदी-विक्रीसाठीं मोठी पेठ बांधली. १७९६ सालीं तर अशी योजना काढली कीं, जो शेतकरी पाव एकर जवस पेरील त्यास एक चरका व जो पूर्ण एकर पेरील त्यास चार चरके बक्षीस मिळावे. यांतील मर्म व्यापाऱ्यांच्या ध्यानांत सहज येईल. पेरल्याबद्दल रोख रक्कम दिली असती तर ती खर्च होऊन गेली असती. पेरल्याबद्दल पुढच्या पायरीचें साधन दिलें, म्हणून पीक घरांत येतांच सूत होऊं लागलें.

राजसत्तेच्या जोडीस शास्त्रहि उतरलें. पूर्वीं लिननचें कापड पांढरें करण्यास राखेचें क्षारपाणी, आंबट ताक आणि ऊन यांच्या आधारानें कित्येक महिने कुरणांत पसरून ठेवावें लागे. स्कॉटलंडांत फ्रान्सिस होम या वैद्यानें १७५६ सालीं ताकाऐवजीं अत्यंत सौम्य केलेलें गंधकाम्ल वापरतां येतें असें दाखवून दिलें. १७८५ त फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यानें क्लोरीन वायूचा शुभ्रता आणण्याचा गुण सांगितला. आणि १७९९ त चार्ल्स टेनंट यानें विरंजक भुकटीचें पेटंट घेतलें. महिन्यांचें काम दिवसांवर आलें. कांतण्याच्या बाबतींत नेपोलियन बादशहानें १८१० सालीं जवसाचें सूत यंत्रानें उत्तम काढणारास दहा लक्ष फ्रँकांचें बक्षीस जाहीर केलें. फिलीप द झिरार यानें त्याच वर्षीं पेळू पाण्यांतून काढून कांतण्याची युक्ति शोधली. पाण्यानें तंतूंतील उरलेला डिंक मऊ होतो व ते एकमेकांवरून सरकून बारीक सूत निघतें. बादशाही बुडाली, बक्षीस मिळालें नाहीं, बिचारा झिरार कर्जबाजारी होऊन देशोधडीस लागला. पोलंडांतील ज्या गांवीं पुढें गिरणी उभी राहिली त्या गांवाचें नांव मात्र त्याच्यावरून पडलें. १८२५ सालीं इंग्लंडांत जेम्स के यानें ऊन पाण्यांत पेळू भिजविण्याची रीत चालू केली आणि थोड्याच वर्षांत बेलफास्ट शहर गिरण्यांनीं भरून गेलें.

येथें आमच्या मुंबईचा एक धागा येऊन मिळतो. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेंतील यादवी युद्धानें तिकडचा कापूस बंद पडला. त्या एकाच कारणानें मुंबईंत कापसाच्या व्यापाऱ्यांच्या घरीं सोन्याचा पाऊस पडला आणि बेलफास्टच्या लिननला न भूतो अशी मागणी आली. मुंबईंतील त्या पैशाचा मोठा भाग समुद्र हटविण्याच्या कंपन्यांच्या शेअरांत गेला व १८६५ त बुडाला, ही कथा सर्वश्रुत आहे. बेलफास्टनेंहि तेजीनंतरची मंदी सोसली. परंतु तेथील पुष्कळसा पैसा चात्यांत, मागांत व इमारतींत अडकलेला होता, आणि चाती मंदींत उभी राहते, पुन्हां फिरते. सट्टा मात्र मंदींत उभा राहत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, झालें, आपणहि बेलफास्ट करूं! परंतु त्या शुभ्र वस्त्राची काळी बाजू सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. ऊन पाण्याच्या कांतणींत हवा दमट व तप्त ठेवावी लागे. जमिनीवर पाणी सांचलेलें असे. त्यांत मुली व स्त्रिया अनवाणी दिवसभर उभ्या राहत व कामावरून सुटतांच थंडीच्या वाऱ्यांत घरीं जात. वाख विंचरण्याच्या खोल्यांत धूळ इतकी कीं तरुणपणींच माणसांस दम लागे. हाच विकार पुढें मुंबईच्या सूतगिरण्यांतील कामगारांच्या छातींत शिरला, हें आमच्या वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. कोंवळीं मुलें अर्धा वेळ शाळेंत व अर्धा वेळ गिरणींत असत, म्हणजे शाळेंत झोंप घेण्यापुरतीं जात. १९११ सालीं बेलफास्टच्या गिरण्यांतून काम चालू असतां बोलणें, हंसणें, गाणें यांवर दंड बसूं लागला, तेव्हां स्त्रियांनीं संप पुकारला. जेम्स कॉनोली हा त्यांचा पुढारी. संप टिकेना, तेव्हां त्यानें सांगितलें कीं सर्वजणी मिळून गात गातच कामावर परत जा. एकीला बाहेर घातलें तर सर्वजणी बाहेर पडा. एका माणसाच्या तोंडून निघालेलें गाणें हा गुन्हा, पण हजारांच्या तोंडून निघालेलें गाणें हा हक्क! जेथें वेतनाचा विलंब हा धन्याचा अपराध मानला जात होता त्या कौटिल्यापासून, जेथें हंसणें हा कामकरणीचा अपराध मानला गेला त्या गिरणीपर्यंत जग सुधारलें कीं बिघडलें, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

दुसरी किंमत नद्यांनीं दिली. काड कुजलें कीं पाणी काळें पडतें, त्यास दुर्गंधि सुटते, मासे मरतात. इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या काळींच, गुरें जेथें पाणी पितात अशा प्रवाहांत ताग-जवस कुजविण्यास कायद्यानें बंदी झाली होती. बेल्जियममधील कोर्त्रिक शहराजवळची लाइ नदी या कामासाठीं जगांत नांवाजलेली. तिचें पाणी मऊ व संथ. लांकडी पिंजऱ्यांत भारे उभे भरून, वर दगड ठेवून ते नदींत बुडवीत. निघालेला वाख सोन्यासारखा म्हणून नदीलाच सोनेरी नदी म्हणत. सोनेरी नदीच्या कांठीं राहणाऱ्यांस तिचा वास कसा येत असे तें मात्र नांवांत सांगितलेलें नाहीं. अखेर १९४३ सालीं नदींत कुजविणें बंद करण्यांत आलें. पुढें हौद आले, आणि आतां त्या भागांत बहुतेक काम दंवानेंच होतें. आज जगांतील लांब वाखापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश वाख फ्रान्स, बेल्जियम व नेदरलँड्स या तीन देशांच्या समुद्रकांठच्या पट्ट्यांतून येतो. त्याचा मोठा भाग सुतासाठीं चीनला जातो व कांहीं हिंदुस्थानांतहि येतो. बंगाल्यांत रिश्रा येथें लिननचें सूत काढणारी मोठी गिरणी आहे. तिला लागणारा वाख युरोपांतून आणावा लागतो. म्हणजे कांतणें आम्हांस येतें, विणणें येतें, विकणें तर येतेंच. मधली पायरी तेवढी आमची नाहीं.

ती आमची व्हावी म्हणून प्रयत्न झालेच नाहींत असें नाहीं. क्रिमियाच्या युद्धांत रशियाचा ताग-जवस इंग्लंडास मिळेनासा झाला, तेव्हां १८५५ सालीं डॉक्टर रॉयल यांनीं हिंदुस्थानांतील तंतुवनस्पतींवर एक मोठा ग्रंथच लिहिला व जवसाचा विचार त्यांत आस्थेनें केला. १८६० च्या दशकांत बेलफास्टच्या व्यापाऱ्यांनीं पंजाबांत सियालकोटकडे धाग्याचा जवस लावून पाहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं, जर्मनीच्या कृत्रिम निळीनें बिहारांतील निळीचा धंदा बुडविल्यावर, तेथील मळेवाल्यांनीं बेल्जियमचा तज्ज्ञ आणून पुन्हां प्रयोग केला. या प्रयत्नांतून टिकाऊ असें कांहीं निष्पन्न झालें नाहीं. दरम्यान मुंबई व कलकत्ता या बंदरांतून जवसाचा दाणा मात्र गलबतें भरभरून युरोपास जात राहिला. तिकडे त्याचें तेल, रंग व वार्निश होऊन तो परत आमच्याच दारांखिडक्यांस लागला. पुढें अर्जेंटिनानें ती बाजारपेठहि बळकाविली.

प्रयत्न फसले ते कां? कोणी म्हणेल, हवा. हा आक्षेप खोटा नाहीं, आणि तो दडपून टाकणें हा लबाडीचा व्यवहार होईल. धाग्याच्या जवसास थंड, ओलसर व ढगाळ हवा मानवते. आमच्या काळ्या जमिनींतील तेलाचा जवस आंखूड, फांद्याळ व खोल मुळांचा. तो ओल संपत आलेल्या रानांत वाढतो, दाणा पिकेपर्यंत उभा राहतो, आणि तोंपर्यंत त्याचा तंतू भरड होतो. शिवाय फाल्गुनांत विदर्भांत दंव कोठलें? तेथें दंवाची रीत चालावयाची नाहीं, आणि पाण्याची रीत म्हणावी तर ज्या गांवांत पिण्याच्या पाण्याची मारामार तेथें काड भिजविण्यास पाणी कोण देणार? म्हणून विदर्भाचा फ्लँडर्स होईल असें आश्वासन आम्ही कोणास देणार नाहीं.

परंतु हवा हें अर्धेंच उत्तर आहे. या प्रयोगांत बहुधा शेतकऱ्याच्या हातीं बीं दिलें गेलें, पण काड कोणीं घ्यावें, कोठें कुजवावें, कोणीं झोडपावें, कोणत्या प्रतीस काय भाव, याची स्थायी व्यवस्था त्याच्या गांवाजवळ उभी राहिली नाहीं. आयर्लंडांत मंडळानें बियाण्यापाठोपाठ चरका दिला. येथें बियाण्यापाठोपाठ कांहींच आलें नाहीं. ज्यास दाण्याचे रोख दाम मिळतात तो शेतकरी वाख कोणी घेईल या आशेवर दाण्यावर पाणी कसा सोडील? त्याचा हिशेब चूक नव्हता. चूक होती ती मधली पायरी न बांधतां जिना चढावयास सांगणाऱ्यांची.

आणि या मधल्या पायरीविषयीं आमच्या समाजाचें वर्तन काय आहे? वाख काढण्याची विद्या महाराष्ट्रांत नव्हती असें नाहीं. अंबाडी व घायपात कुजवून, धुवून, झोडपून त्यांचे दोर, कासरे, चऱ्हाटें वळण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजानें केलें. गांवाची मोट त्यांच्या दोरावर चालली, गांवचे बैल त्यांच्या कासऱ्यानें बांधले गेले. त्या लोकांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें, त्यांच्या श्रमाचें मोल बलुत्याच्या मूठभर धान्यांत केलें, आणि कुजलेल्या काडाच्या वासाबरोबर त्या विद्येचाहि तिटकारा केला. तिकडे बर्थोलेसारखा शास्त्रज्ञ कापड धुण्याच्या कामांत लक्ष घालीत होता. इकडे ज्यास लिहितां येत होतें तो त्या कामाकडे पाहत नव्हता, आणि जो तें काम करीत होता त्यास लिहूं दिलें जात नव्हतें. हात आणि डोकें यांची अशी फारकत ज्या देशांत झाली तेथें काडांतून सोनें निघावें कसें? आमच्या मतें हवेपेक्षां हा दोष मोठा आहे, कारण हवा आमच्या हातीं नाहीं व हा दोष सर्वस्वीं आमच्या हातचा आहे.

मग करावें काय? लहान आरंभ करावा, पण शेवटच्या टोंकापासून करावा. अमेरिकेंतील एक दाखला येथें उपयोगी आहे. त्या देशांतहि तेलाच्या जवसाचें काड बव्हंशीं जाळून टाकीत असत. १९३९ सालीं उत्तर कॅरोलिना संस्थानांत एकुस्टा नांवाची कागदाची गिरणी सुरू झाली. तिनें याच टाकाऊ काडाच्या तंतूपासून सिगारेटचा पातळ कागद काढला व फ्रान्सच्या कागदाची गरज संपविली. धूम्रपानाची तरफदारी आम्हांस कर्तव्य नाहीं. पातळ व बळकट कागदास जगांत दुसरे उपयोग पुष्कळ आहेत. मुद्दा एवढाच कीं, तेथें बारीक लिननचा हट्ट कोणीं धरला नाहीं. जें काड पदरीं होतें त्यास योग्य असा माल शोधला, गिरणी उभी केली आणि मग शेतकऱ्याच्या दारीं जाऊन काड विकत मागितलें. आमच्याकडेहि भरड वाखाचा कागद, सुतळी, गालिच्याचें अस्तर, जाडें कापड यांपासून आरंभ होण्यासारखा आहे. दाणा व धागा दोन्ही देणारे जवसाचे वाण आपल्या कृषिसंशोधकांनीं तयार केले आहेत; बराकपूरच्या तागसंशोधन संस्थेनें खास धाग्याचाहि वाण काढला आहे. ते वाण कोणत्या तालुक्यांत कसे येतात हें पाहण्याचें काम कृषिविद्यापीठांचें. कुजविण्याचें पाणी पुन्हां पुन्हां वापरतां येईल असा हौद बांधणें व त्याचें घाण पाणी नाल्यांत न सोडणें हें काम सहकारी संस्थांचें. आणि भाव आगाऊ ठरवून काड उचलणें हें काम व्यापाऱ्यांचें.

या शेवटल्या कामाविषयीं आमच्या व्यापारी वाचकांशीं दोन शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत. आपण म्हणाल, नफा दिसल्यावांचून भांडवल कोण घालणार? प्रश्न रास्त आहे. परंतु चार जणांनीं मिळून एका तालुक्यांतील एका हंगामाचें काड घेऊन, तें एखाद्या कागदाच्या कारखान्यांत चालवून पाहण्यास जो खर्च येईल, तो एखाद्या लग्नाच्या मांडवाहून अधिक नसावा. फसलें तर काय चुकलें तें कळेल. साधलें तर शेतकऱ्यास जाळण्याच्या वस्तूचे चार पैसे मिळतील आणि आपणांस नवा माल. मात्र तें करतांना दोन अटी पाळाव्या. वाख काढण्याचें काम जे करतील, त्यांत मातंग बंधु असोत वा शेतमजूर स्त्रिया असोत, त्यांस मजूर म्हणून नव्हे तर संस्थेचे भागीदार म्हणून घ्यावें. आणि धुळीपासून त्यांच्या छातीचें व घाण पाण्यापासून गांवच्या ओढ्याचें रक्षण करण्याचा खर्च मालाच्या किंमतींत पहिल्या दिवसापासून धरावा. बेलफास्टनें हा खर्च वहीत मांडला नाहीं, म्हणून तो अनवाणी मुलींनीं फेडला.

येत्या फाल्गुनांत विदर्भांतील कित्येक बांधांवर पुन्हां जवसाचे ढीग पडतील. त्यांतील एक भारा उचलून, आठ-पंधरा दिवस हौदांत बुडवून, वाळवून, हातानें एक काडी मोडून पाहण्यास कोणत्याहि सरकारी मंजुरीची जरूर नाहीं. ठिसूळ गाभा गळून पडेल आणि बोटांत तंतूची एक लड राहील. ती भरड असेल, आंखूड असेल. पण ती हातांत घेणारास ढिगाला काडी लावतांना एकदां तरी थांबावें लागेल. एवढें थांबणें हाच सुधारणेचा आरंभ होय.